टॅब गरम का आहे?

शिकवायला गेलं की शिकवणं राहतं बाजूला आणि किस्सेच साठत जातात. छावणीतल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये मी दुपारी दोन ते चार, शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांचा वर्ग घेते. एका संस्थेनं पाच जुने टॅब वापरायला दिलेत. अट एकच, "एक जरी बिघडला, तर पाचही परत!" आणि हे पाचही चार्जिंगला लावले की तव्यासारखे तापतात!

सगळ्यात जास्त काळजी सुमनमावशींना. माहेर पिशोरचं, नववीत शाळा सुटली, आता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसल्यात. सगळा अभ्यास टॅबवर. "दहावी व्हायलाच पाहिजे, मॅडम. सून बारावी, मी नववी. घरात माझं काय चालणार?"

*

सुरुवातीला मी भिंतीवर कागद लावला: "टॅब मोकळ्या हवेत चार्ज करा."

दुसऱ्या दिवशी बघते तर हॉलमध्ये एकही टॅब नाही! एक्स्टेन्शन बोर्ड खिडकीतून बाहेर गेलेला, आणि अंगणात भर उन्हात पाच टॅब पापडासारखे ओळीनं वाळत घातलेले.

मी किंचाळलेच.

"तुम्हीच लिहिलंय की, मोकळ्या हवेत," मावशी म्हणाल्या. "आतमधी कुठंय हवा?"

कागद बदलला. "सावलीत, फरशीवर."

*

मालनताई गोधड्या शिवतात. त्यांनी हौसेनं पाचही टॅबना गोधडीची कव्हरं शिवून आणली. जाड, मऊ, कडेनं लाल काठ. आणि त्या कव्हरासकटच टॅब चार्जिंगला!

"ताई, गोधडीत गुंडाळल्यावर तापणारच ना तो!"

"मग? लेकराला उघडं टाकू व्हय?"

शेवटी कव्हराला बटणं लागली. आता ताई रोज बटणं सोडतात आणि जाहीर करतात, "आंगडं काढलं. पाजा करंट!"

*

रशीदाआपा आधी दवाखान्यात आया होत्या. एकदा मी वर्गात पाऊल टाकलं, तर त्या ओरडल्या, "मॅडम, इसको एकसौ दो है!"

मावशींच्या टॅबच्या पाठीला थर्मामीटर. आणि वर ओल्या रुमालाची घडी!

"पट्टी रखी ना मैं," आपा अभिमानानं म्हणाल्या.

मी प्लग ओढला, टॅब पुसला. स्क्रीन काळी. अर्धा तास तशीच. मावशी तर टॅबकडं बघेनात. मग एकदाचा तो उजळला.

मावशींनी आपांना हात जोडले. "आपा, पुढच्या टायमाला इंजेक्शन तेवढं देऊ नका!"

*

त्यानंतर नियम कडक झाला. टॅब गरम लागला की प्लग काढायचा, पंधरा मिनिटं हात लावायचा नाही.

अशाच एका पंधरा मिनिटांत माझं डोकं फिरलं. डिजिटल शिक्षणाच्या गप्पा मारतात आणि बायकांना धड चार्जर मिळत नाहीत! हे असंच चालायचं का? कुणी बोलणार आहे की नाही? माझा आवाज चढतच गेला.

मावशी वहीतून मान वर न काढता म्हणाल्या, "मॅडम, पंधरा मिनिटं तुमचाबी प्लग काढू का?"

*

पण माझा प्लग काही निघाला नाही. त्याच तिरमिरीत मी संस्थेला मेल ठोकला: "टॅब चार्जिंगला तापतात. चांगले चार्जर पाठवा."

चार्जर आले नाहीत. शनिवारी संस्थेचे साहेब आले, मोठी रिकामी पिशवी घेऊन.

"तापतात म्हणजे बिघडलेत. पाचही द्या."

साहेबांनी मावशींच्या हातातल्या टॅबला बोट लावलं. "हा बघा! गरम का आहे हा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशींनी मला हातानंच गप्प केलं.

"दोन तास झाले, गणितं सोडवतेय त्याच्यावर, सायेब. वापरला की तापतो." मग चहाचा कप पुढं सरकवत अगदी आपुलकीनं विचारलं, "तुमच्या हापिसातल्या कपाटात पडलेले थंडगार असतील, नाय?"

साहेबांनी चहा संपवला. पिशवीची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि खिशात ठेवली.

सोमवारी पाच कोरे टॅब आले, चार्जरसकट. खोक्यांवर बोटभर धूळ!