गोळी की मेथीचं पाणी

भिजल्या मेथीचा वास आला की मला हिंदी मुलखातल्या गुढियारीच्या आमच्या घरातली ती सकाळ आठवते. बाबांची साखर डायबेटिसच्या उंबरठ्यावर आली होती आणि डॉक्टरांनी रोज एक गोळी अन् तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगितली होती. आई मात्र पेला पुढे करून म्हणाली, "एकदा गोळी लागली का सुटत नाही. मेथीचं पाणी प्या." बाबांनी एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पेला धरून माझ्याकडे पाहिलं. "तू कॉलेजात शिकून राहिली न पोट्टी, तूच सांग." मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते, मला काय ठाऊक? पण घरात कॉलेजात गेलेली मी एकटीच, ‘ठाऊक नाही’ म्हणायची लाज वाटली. "मेथीनंही साखर कमी होते," मी म्हणाले. त्यांनी गोळी डब्यात परत ठेवली. पुढचे तीन महिने मला चैन नव्हतं. कुणा जाणत्याला विचारू म्हणायची आणि राहून जायचं. तपासणीत साखर आणखी वाढलेली निघाली. "गोली किसके कहने पर बंद की?" डॉक्टर रागावले. बाबा खाली पाहत म्हणाले, "किसी के नहीं साहब, अपने मन से." बाहेर आल्यावर त्यांनी नवी चिठ्ठी माझ्यापुढे धरली, "हे गोळी जेवणाआधी घ्यायची का नंतर?" "मले ठाऊक नाही बाबा. विचारून येते," मी म्हणाले आणि पुन्हा डॉक्टरांच्या दारात गेले. आता मी शेवटच्या वर्षाला आहे, तरी ‘ठाऊक नाही’ म्हणायला अजून जड जातं.