राहून गेलेला रविवार

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मी अजूनही गोंडपिपरीजवळच्या आमच्या त्या घरात जाऊन पोचते.

दादा खाटेवर तापाने फणफणला होता. मलेरिया डोक्यात चढला होता आणि बाबा पहाटेच जीप शोधायला गेले होते. चर्च दूर चंद्रपूरला, म्हणून दर रविवारी माय मेणबत्ती लावून आजोबांच्या जुन्या पुस्तकातलं शुभवर्तमान वाचायची. त्या जुन्या रीतीत ईस्टर लवकर आला की उपासाचा काळही लवकर लागायचा, जानेवारीतले काही रविवार त्यांच्या ठरलेल्या वाचनांसकट गळायचे आणि वर्ष सरताना, नोव्हेंबरात, परत घेतले जायचे. त्या दिवशी तसाच एक रविवार आला होता, वादळातल्या नावेच्या गोष्टीचा.

"राहून गेलेला रविवारबी देव वापस देते," माय म्हणाली. "मंग माह्या पोराले काऊन नाई देणार?"

तेव्हा मला ती खात्री वाटली. आज कळतं, ती भीक होती.

ती वाचू लागली. नाव बुडत होती आणि येशू झोपला होता.

"माय, तो काऊन झोपला वो?"

"त्याले उठवा लागते," म्हणत तिने पुस्तक टाकलं आणि ती ओरडू लागली, "उठ ना रे! उठ!" येशूला की दादाला, मला कळेना. तिच्या पदराने मेणबत्ती विझली.

जीप दुपारी आली. तोवर दादा गेला होता.

पुढच्या वर्षी ईस्टर उशिरा होता. तो रविवार जानेवारीतच, आपल्या जागी आला. मायने मेणबत्ती लावली, ते पान उघडलं आणि बाबांकडे पाहून म्हणाली, "आता कायले आला हा?"