पंखा बंद करून रंगवलेले डायनासोर

भाऊजी गेले त्या दुपारी ताईचा फोन आला. "पंखा बंदच होता रे बाळू..." एवढंच ती बोलली. बाकीचं शेजाऱ्यांनी फोन हातात घेऊन सांगितलं. वर्ध्याचा मे महिना, पिपरी मेघेतल्या घराची मागची पत्र्याची खोली, आणि तिच्यात हृदयाचं दुखणं असलेला माणूस दार-खिडकी लावून, पंखा बंद करून रबरी डायनासोर रंगवत बसलेला. पंखा बंद कशासाठी, तर ओल्या रंगावर धूळ बसू नये. डॉक्टर म्हणाले, हृदयच थकलं होतं, पंख्याचा दोष नाही. ताईला ते पटलेलं नाही. मलाही नाही. म्हणूनच भाऊजींविषयी लिहायला बसलो की डोळ्यांत पाणी येण्याआधी राग येतो.

तीच खोली त्यांनी मला कॉलेजसाठी दिली होती. आमच्या घरात माझ्याआधी दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. बाबा सेलूकडून वर्ध्याच्या बाजारात वांगी आणायचे, त्याच गाडीत ट्रंक ठेवून मी ताईच्या दारात उतरलो. भाऊजी कारकून होते. त्यांनी आपलं टेबल मला दिलं आणि स्वतः मांडीवर पाट घेऊन रंगवत बसले. त्या टेबलावर मी बीएस्सी झालो, पुढे पुलगावला शिक्षक झालो. हे उपकार फिटणारे नाहीत. पण त्यामुळे त्यांनी आम्हाला दिलेला वैताग काही कमी होत नाही.

तेव्हा ते लाकडी बैल रंगवायचे. तान्ह्या पोळ्याआधी गल्लीतली लेकरं आपापला बैल आणून द्यायची, भाऊजी त्याला ऑइल पेंट मारायचे आणि दुसऱ्या दिवशी तो वाळून चकचकीत व्हायचा. पुढे बाजारात त्यांना रबरी डायनासोर दिसले. एकरंगी, मळकट. जनावर असं बिनरंगाचं कसं ठेवायचं म्हणून त्यांनी ते घरी आणले आणि लावला काय, तर तोच बैलांचा रंग! मऊ रबरावर तो वाळत नाही, महिनोन्‌महिने चिकट राहतो. मी केमिस्ट्री शिकलेला. रबरातलं तेल रंगात उतरतं, दुसरा रंग आणा, असं कितीदा समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "बैल एका रात्रीत वाळते मास्तर. हा त केवढा मोठा जनावर हाये, याले टाइम लागनच." वर रोज सकाळी वाळलं का म्हणून अंगठा दाबून बघायचे. ठसा उमटायचा. तो झाकायला पुन्हा रंगाचा हात... असा माणूस.

निवृत्तीनंतर तर कहर झाला. एप्रिल लागला की आमच्याकडे घरोघरी खिडकीत कुलर चढतो. ताईचा कुलर माळ्यावर, कारण ओलाव्यानं रंग आणखी चिकटतो. झाडू मारायचा तो पाणी शिंपडून. टॉवेल झटकायचा तो रस्त्यावर जाऊन. एवढं करूनही एखाद्या लांबमान्याच्या पाठीला मुंगी चिकटली की घरात सुतक. डॉक्टरांनी उन्हाळाभर गारव्यात राहायला बजावलं, तेव्हा ताईनं भांडून कुलर खाली उतरवला आणि बैठकीत लावला. भाऊजी तिच्यासमोर आज्ञाधारकपणे बसायचे आणि ती स्वयंपाकाला वळली की मागच्या खोलीत पसार.

शेवटचं भेटलो तेव्हाही ते तिथंच, घामानं निथळत. मी चिडून विचारलं, जीव मोठा की रंग? म्हणाले, "जीव त राह्यतेच मास्तर. धूळ बसली का निघत नाई." मागून ताई आली. "मले एक दिवस असं पुसलं का तुमी, जसं त्या पालीइले पुसता?" भाऊजी हसले. ब्रशवरचा जास्तीचा रंग डब्याच्या काठाला निपटला आणि पुन्हा कामाला लागले. तिला उत्तर मिळालंच नाही. आता ते मिळणारही नाही, आणि तेच तिला जाळत असतं.

गेल्या रविवारी गेलो होतो. डायनासोर खोक्यात भरून माझ्या शाळेत न्यावेत, ताईला खोली मोकळी करून द्यावी, असं ठरवलं होतं. बघतो तर तिनं आपली खाट मागच्या खोलीत टाकलेली. खिडकीत कुलर, पूर्ण जोरात. टेबलावरच्या सगळ्या जनावरांवर धूळ चिकटून अंगभर लव आल्यासारखी दिसत होती. हसावं की काय करावं, कळेना. "मी इथंच झोपते आता," ताई म्हणाली, "लय केली त्याइची चाकरी." खोकी तिनं मला दारातच ठेवायला लावली.

मग कोपऱ्यातला डायनासोर दिसला. भाऊजींच्या हातचा शेवटचा. मानेपर्यंत हिरवा, पुढे कोरा. त्याच्यावर स्वयंपाकघरातलं दुधावरचं जाळीचं झाकण पालथं घातलेलं, आणि तिकडे दुधाच्या पातेल्यावर मात्र ताटली.

मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "बाकीच्याइवर बसू दे धूळ. याचं अजून ओलं हाये."

"ताई, ते कधीच वाळणार नाही गं."

"मालूम हाये मले," ती म्हणाली आणि कुलरमध्ये पाणी टाकायला बादली उचलून बाहेर गेली.