घरची की विकतची

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर उद्यापासून माझ्या चहात साखर पडू नये. बिबट्याला मी लाटणं दाखवून पळवला, ती गोष्ट जरा फुगवलेली होती, कबूल. ही नाही. ही माझ्या शेजारच्या वृषालीची.

दुपारची वेळ. वृषालीनं नानकटाईची पहिली ऑर्डर भरून ठेवलीय, बारशाची. संध्याकाळी माणूस न्यायला येणार. नवऱ्याचा कारखाना बंद पडला, म्हणून आजवर हौसेनं केलं ते आता विकायला काढलंय. फक्त झाकण लावायचं राहिलंय आणि हात धजत नाही. कारण सासू. माईंना जाऊन वर्ष झालं. पण त्यांनी विकतचं कधी आवडीनं तोंडात घातलं नाही, आणि घरचं कधी विकू दिलं नाही. "खाऊ घालायचं असतं गं, विकायचं नसतं," म्हणायच्या.

ओव्हन अजून कोमट आहे. वृषाली त्याला पाठ टेकते. डोळे मिटतात न मिटतात,

आणि ती बेकरीच्या भट्टीपुढे रांगेत उभी असते. दिवाळीआधी बायका आपापलं पीठ, तूप, साखर घेऊन जायच्या नि नानकटाई भाजून आणायच्या ना, तीच रांग. पुढे माई, कडेवर डबा.

"माई, तुम्ही?"

"मग काय, भट्टी थांबते होय माझ्यासाठी?"

भट्टीतून नानकटाईचा पत्रा बाहेर सरकतो, तर तो पत्रा नसतोच, दवाखान्यातली खाट असते. वर माई बसलेल्या, पाय हलवत. हात पुढे करतात.

"दे एक. घरची ना?"

शेवटच्या आजारात अशाच खाटेवरून त्यांनी हेच विचारलं होतं. तेव्हा वृषालीला उसंत नव्हती. दवाखान्याखालच्या दुकानातून पुडा घेतला, कागद फेकला, नानकटाई स्टीलच्या डब्यात भरली. "घरची," म्हणाली. माईंनी खाल्ली.

आता वृषाली आपला डबा पुढे धरते.

"केलीय घरी. पण विकायला, माई."

भट्टीतला जाळ खाली बसतो.

"आणि दवाखान्यातली?"

"ती... विकतची होती."

"डालड्याचा वास लपतो होय?"

"कळलं होतं? मग खाल्लीत कशाला?"

"तू धापा टाकत आली होतीस."

माई नानकटाई उचलतात, नाकाशी नेतात.

"विकू का, माई?" वृषाली विचारते. तेवढ्यात खाट सर्रकन भट्टीत जाते आणि दार लागतं.

दार वाजतंय, पण घरचं. माणूस आलाय. वृषाली धडपडत उठते, डब्यात बघते. एका नानकटाईची कड कुरतडलेली, एकाच दाताची खूण. माईंना शेवटी एकच दात उरला होता! वृषाली तेवढी एक काढून घेते, डोळे पुसते आणि झाकण लावते.

बरं बाई, मला चहात साखर लागते, म्हणून सांगते. तो दात माझा. म्हणजे, मी गोष्टीत घातलेला. डब्यातली नानकटाई कुरतडलेली नव्हती, तिथं नव्हतीच. कागदावर तुपाचा गोल डाग आणि जागा रिकामी. माईंनी खाल्ली की नुसतीच नेली, कोण सांगणार? वृषाली मला अजून विचारते, "खाल्ली असेल ना हो?"

त्या जागी दुसरी ठेवायला तिचा हात काही झाला नाही. डबा तसाच गेला, एक कमी.