शेवटचा पांढरा चिंचोका

विश्वास गेल्याची बातमी मला दोनदा आली. पहिल्यांदा ती खोटी होती.

विश्वास आमच्या नाशिकच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा, मी मराठी. ज्यात कोणीच मुख्य नाही, सगळे बरोबरीचे, अशा संगणकांच्या जाळ्यात निरोप एकाकडून दुसऱ्याकडे पसरण्याची शक्यता तो मांडत असे. माझ्यासारख्या ढ माणसासाठी त्याने जेवणाच्या टेबलावर फोडलेले चिंचोके मांडले होते. पांढरी बाजू वर म्हणजे बातमी कळलेली नाही, काळी वर म्हणजे कळली. डोळे मिटून बोट ठेवायचं, खाली पांढरा आला तर उलटायचा. "आणि काळा लागला, म्हणजे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असलं, की सांगणारा कंटाळून गप्प बसतो. म्हणून काही पांढरे उरतातच... कोण उरणार, ते मात्र सांगता येत नाही." तो हे हसत सांगायचा.

गेल्या वर्षी त्याच्याच नावाचा कोणी घाटात अपघातात गेला आणि आमच्या एसएमएसनी यालाच मारलं. इगतपुरीहून त्याचे थोरले बंधू, रेल्वेतून निवृत्त झालेले दादा, रडत आले, तर हा पोहे खातोय! दादांनी आधी मिठी मारली, मग पाठीत धपाटा घातला. विश्वासने सगळ्यांना खुलासा पाठवला, की मी जिवंत आहे, अफवा पुढे पाठवू नका. मग चिंचोके मांडून बसला. "खुलासा हळू जातो रे. पण एकदा पसरला की चिवट."

चिवटच निघाला. गेल्या महिन्यात सकाळचा चहा घेताना विश्वास खरंच गेला. त्याच्या बायकोचे, सुनंदावहिनींचे, निरोप वाटेतच विरले, कारण ज्याला त्याला तो खुलासा आठवत होता. "अहो, जुनी अफवा ती," लोक एकमेकांना समजावत होते. दादांच्या घरी फोन नाही, म्हणून वहिनींनी त्यांच्या शेजाऱ्यांना कळवलं. शेजारी जाऊन आले आणि फोनवर म्हणाले, "दादा हसत्यात. म्हणे मागं लय रडलो, आता नाय फसायचो." मी शेजाऱ्यांना पुन्हा पुन्हा फोन लावला, पण पावसाने तिकडची लाइन गेली ती गेलीच. संध्याकाळपर्यंत थांबलो. अमरधामच्या स्मशानात आम्ही मोजकेच होतो.

दादा दुसऱ्या दिवशी आले. हातात तांदळाची पिशवी, तोंडभर हसू. दारातूनच ओरडले, "काय रे, परत मेला का तू?"

वहिनींनी पुढे होऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

वहिनींनी टेबल अजून आवरलेलं नाही. विश्वासने शेवटी मांडलेले चिंचोके तसेच आहेत. सगळे काळे, एकच पांढरा. परवा मी काळ्या-पांढऱ्याचा अर्थ सांगितल्यावर दादांनी तो बोटाने हळूच पुढे सरकवला आणि मला विचारलं, "हा कोण रे?"