कुरणातले कोवळे शेंडे

ती केस आठवली की आजही कपाळावर हात जातो. फौजदार म्हणून रिटायर झालो आणि बहरीनला एका राखीव कुरणावर सिक्युरिटी सुपरवायझर लागलो. म्हटलं, चोर पुष्कळ बघितले, आता हरणं बघू. तर पहिलीच तक्रार गवतचोरीची.

कुंपणाआत सगळी वाळू, काटेरी झुडपं, रीम जातीची हरणं, ससे. पाण्याच्या टाकीपाशी तेवढा हिरवा पट्टा, त्यात चंडोल घरटी करायचे. दर महिन्याला कोणीतरी तो पट्टा तुडवून जायचं. एकदा अंड्यांसकट घरटं पायाखाली गेलं. मॅनेजरला टिप मिळाली की कुरणाच्या राजस्थानी रखवालदाराचा मेव्हणा जवळच शेळ्या पाळतो. झालं, त्याने हात झटकले, "खलास. याचा व्हिसा रिन्यू नाही."

रखवालदाराची मी कसून चौकशी केली. घर त्याच्याच पगारावर, त्यामुळे रडकुंडीला आलेला, पण जबाब बदलेना. एक काडी नेली नाही म्हणे.

शेवटी पंचनाम्याला स्वतः गुडघ्यावर बसलो. जून गवत जागेवर, फक्त कोवळे शेंडे खुडलेले, तेही तीन-तीन पानांचे. शेळी काय पानं मोजून खाते? कॅलेंडर बघितलं. दर वेळी दुसऱ्या दिवशी संकष्टी. मी डोकं धरलं.

पुढच्या संकष्टीच्या आदल्या दिवशी सकाळी पक्षी बघायला ग्रुप आला. त्यात ईसा टाउनच्या एक काकू. दुर्बीण गळ्यात, नजर जमिनीवर. टाकीपाशी त्या खाली बसल्या.

"काकू, कुठला पक्षी दिसला?"

"अगंबाई, मराठी का तुम्ही? बरं झालं भाऊ, एवढी जुडी धरा जरा."

मुद्देमाल माझ्याच हातात.

"काकू, ही चोरी आहे."

"चोरी कसली? बाप्पाला वाहते मी."

"वाहता तुम्ही आणि नोकरी जाते रखवालदाराची."

हे त्यांना माहीतच नव्हतं. चेहरा उतरला. आपल्या मुलाच्या इथल्या नोकरीवर येईल म्हणून आधी घाबरल्या, मग पदर खोचून स्वतःच मॅनेजरकडे गेल्या. त्यांच्या हिंदीतून त्याला बाप्पा काही कळला नाही, पण गवत कोणी नेलं ते कळलं. काकूंना कुरण बंद झालं, रखवालदाराचा व्हिसा रिन्यू झाला.

तर हा रखवालदार पठ्ठ्या बाहेर येऊन काकूंच्या पाया पडला. म्हणाला, "माताजी, अगली बार मुझे बोलना, मैं तोड़ के रखूँगा."

दोघांना पुन्हा पहिल्यापासून समजवायला बसलो. गुन्हेगाराला वठणीवर कसं आणायचं ते ट्रेनिंगला शिकवतात. भल्या माणसांचं काय करायचं, ते कोणी शिकवत नाही.