आतल्यांचं धरलं

नोव्हेंबर १९९९, गुरुवार. दुपारपासून मी बटाटे सोलत होते. संध्याकाळी आमच्या कुसैसच्या फ्लॅटमध्ये गटाची बैठक होती आणि वड्यांशिवाय आमच्यात बैठक होत नाही.

आखातातल्या आमच्या मराठी मंडळात दोन गट होते. प्रत्येक गट आधी कुणाच्या तरी घरी बसून अध्यक्षपदासाठी आपला एक माणूस ठरवायचा, मग काही दिवसांनी भाड्याच्या हॉलमध्ये सगळ्या सभासदांचं मतदान. त्या मतदानाला जाणं मी केव्हाच सोडलं होतं. दोन्हीकडची भाषणं सारखी, आणि कुणीही आला तरी वर्षभरात एक गणपती आणि एक ऑर्केस्ट्रा. त्यासाठी इस्त्रीची साडी नेसून रांगेत उभं राहायचा मला कंटाळा आला होता.

बटाटे उकडत असताना मनखूलला राहणाऱ्या मैत्रिणीचा फोन आला. ती बँकेत होती आणि या वर्षी आमच्या गटातून उभी राहू पाहत होती.

"आज मत दे," ती म्हणाली.

"मी वडे देते. तेवढं पुरे."

"हॉलमध्ये नको देऊस हवं तर. तिथे दोघांतला एक उचलायचा असतो. ते दोघे कोण, हे आज तुझ्या सोफ्यावर ठरतंय. मग वर्षभर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

रडायचं कारण होतं. मंडळाच्या हॉलमागे एक खोली होती, तिथे शुक्रवारी सकाळी मी मुलांना मराठी शिकवत असे. मुलं घरी इंग्रजीतच उत्तरं द्यायची, पण वर्गात 'काल मी बीचवर गेलो' एवढं वाक्य आता न अडखळता लिहू लागली होती. आमच्याच गटातून मैत्रिणीच्या विरोधात उभे असलेले कंत्राटदार, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ती खोली ऑर्केस्ट्राच्या तालमींना देणार होते. तसं त्यांनी गणपतीतच सांगितलं होतं. दुसरी फुकटची जागा नव्हती. ते आले की वर्ग खलास.

आणि माझे मिस्टर त्याच कंत्राटदारांच्या कंपनीत होते. आमचे व्हिसा त्यांच्यावर.

"अहो, मी आज हात वर केला तर?" मी विचारलं.

मिस्टर खुर्च्या मांडत होते. "तू आत असतेस ना दरवेळी?"

"असते."

"मग आतच राहा."

यात त्यांचंही काही चुकत नव्हतं. मी बेसन भिजवलं.

सात वाजता माणसं जमली. पुरुष बाहेर, आम्ही चौघीजणी आत. मैत्रीण मात्र बाहेरच बसली, उमेदवार म्हणून. तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही; ती आत येऊन स्वतः घेऊन गेली. बाहेर व्हिसा, भाडी, कुणाचं शारजाहला शिफ्टिंग, असं सगळं बोलून झालं आणि मग सेक्रेटरी म्हणाले, "यल्ला, चला, हात वर करा."

पहिला घाणा तेलात होता. बाहेर मोजणी झाली आणि सेक्रेटरींचा आवाज आला, "आतल्या वहिनींचं धरलं मिस्टरांबरोबर. म्हणजे साहेब जवळजवळ एकमतानेच."

हे दरवर्षी असंच होत होतं. मंडळाच्या नियमात नवराबायकोची मतं वेगळी होती, पण बैठकीत आम्हाला आतूनच धरायचे. मी इतकी वर्षं ते ऐकत वडे तळले होते. त्या दिवशी का कोण जाणे, मी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनी बाहेर गेले.

"माझं कुठे धरलंत?"

"कुठे म्हणजे? साहेबांना, वहिनी. मिस्टरांचा हात वर आहे ना."

"मिस्टर आंघोळ करतात तेव्हा मी भिजल्याचं धरता का?"

मैत्रीण मोठ्याने हसली. मग बाकीचे हसले. मिस्टर हसले नाहीत.

"पुन्हा मोजा," मी म्हटलं आणि मैत्रिणीसाठी हात वर केला. कोपरापर्यंत बेसन ओघळलं. आतून आणखी दोघी आल्या. एकीने मैत्रिणीला मत दिलं, दुसरीने साहेबांनाच, आणि ठासून. चौथी म्हणाली, "मी वडे बघते, मला यात नका ओढू."

गटाचा माणूस म्हणून साहेबच निवडले गेले. मात्र 'एकमताने' हा शब्द सेक्रेटरींना वहीत लिहिता आला नाही, आणि हॉलमधल्या मतदानात आपलीच माणसं फुटतील हे साहेबांच्या लक्षात आलं. निघताना बूट घालता घालता ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या त्या क्लासचं बघू. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको. खोली आहे की नाही?"

त्यांनी मिस्टरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मार्चपर्यंत चालवा. मुलांच्या परीक्षा होऊ देत. पुढे तालमी."

माणसं गेल्यावर मिस्टरांनी खुर्च्या उचलल्या. "शनिवारी ऑफिसात मला त्यांच्या समोर बसायचंय," एवढंच म्हणाले.

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मैत्रीण हरली होती. वर्षभराची खोली मार्चवर आली होती, आज मी गप्प राहिले असते तर ती कदाचित तितकीही राहिली नसती, कदाचित राहिली असती. बेसन सुकून हात ओढत होते.

शुक्रवारी सकाळी उरलेले वडे डब्यात भरले, मिस्टरांसाठी दोन झाकून ठेवले आणि खोलीची किल्ली घेऊन निघाले. फळा पुसला, एसी लावला. मग मार्चपर्यंत काय काय उरकता येईल ते ठरवून जोडाक्षरांना सुरुवात केली.